डिजिटल डिलेने गिटारचा मूळ आवाज जातो का?

'डिजिटल डिले लावला की गिटारचा मूळ आवाज मरतो, अ‍ॅनालॉगच घ्या' हा मेसेज ठाण्यातल्या गिटार शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. डिले म्हणजे गिटारच्या आवाजाचे प्रतिध्वनी काढणारा पेडल, पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी. डिजिटल डिले त्यासाठी आवाज आकड्यांत बदलतो, अ‍ॅनालॉग बदलत नाही. शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकतो.

बऱ्याच डिजिटल डिलेंमध्ये तारेचा मूळ आवाज अ‍ॅनालॉग वाटेनेच पुढे जातो. आकड्यांत बदलतात ते फक्त प्रतिध्वनी, आणि शेवटी ते मूळ आवाजात मिसळतात. काही पेडल सगळाच आवाज डिजिटल करतात, म्हणून घेण्याआधी माहितीपुस्तिकेत 'अ‍ॅनालॉग ड्राय थ्रू' लिहिलंय का, म्हणजे मूळ आवाज आकड्यांत न बदलता पुढे जातो का, ते बघा.

घरी तपासायचं तर मिक्सचा नॉब (प्रतिध्वनी किती मिसळायचे ते ठरवणारा) शून्यावर आणा आणि एकच कॉर्ड वाजवत पेडल चालू-बंद करा. नौपाड्यात माझ्या खोलीत मी हे केलं. आवाजात फरक नव्हता, खरखर मात्र होती. एकाच अ‍ॅडॅप्टरवर चार पेडल जोडलेले होते. डिलेला 9 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर दिला आणि खरखर गेली.

डिजिटलचे प्रतिध्वनी जास्त टोकदार वाटतात, हे खरंच आहे. अ‍ॅनालॉगमध्ये त्यांची धार झिजत जाते, इथे ती टिकते. मला ती आवडते. नको असेल तर टोनचा नॉब असलेला पेडल घ्या आणि तो नॉब थोडा कमी ठेवा.