कोकण किनाऱ्यावरील घरगुती एसीची निगा

कोकण किनारपट्टीवरील घरांत बसवलेल्या स्प्लिट एसीची नियमित धुलाई, तपासणी आणि दुरुस्ती. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यावरचा हिवाळा सौम्य असल्यामुळे घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेची गरज सहसा पडत नाही; निगा राखायची ती थंडाव्याच्या यंत्राची. घाटावर हे यंत्र मुख्यतः धुळीने बिघडते, किनाऱ्यावर मिठाने. निगेचा सगळा क्रम त्यावरून ठरतो.

खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण बाहेरच्या युनिटच्या कॉइलवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या वळणदार नळीवर बसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्त असते. तांब्याची नळी आणि तिच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या फिन्स (पातळ पत्र्या) यांच्या सांध्यात हे खारे पाणी मुरले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजते. आधी पांढरी भुकटी दिसते, पुढे फिन्स बोटाने चुरतात आणि नळीपासून सुटतात. मग उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो, वीज जास्त लागते आणि ऐन मे महिन्यातल्या दुपारी यंत्र बंद पडते. निळ्या लेपाच्या फिन्स जास्त टिकतात. पण बऱ्याचदा लेप दिलेला पत्रा नंतर कापलेला असल्याने त्यांच्या कडा उघड्याच राहतात.

यावर खरा उपाय गोड्या पाण्याचा. घर समुद्रासमोर असेल तर महिन्यातून एकदा, गावात आत असेल तर दर तीन महिन्यांनी बाहेरचे युनिट धुवावे. आधी एमसीबी (एसीचा वीजपुरवठा तोडणारा खटका) बंद करावा. जाळी काढता आली तर आतून बाहेर, फिन्सच्या सरळ रेषेत साध्या नळीची धार सोडावी. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स दुमडतात. वायरिंगच्या पेटीवर पाणी पडू देऊ नये. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ असेल तर ते अजिबात वापरू नये. ॲसिडने कॉइल चकचकीत करून देणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणावे, कारण ॲसिड लेपही खाते आणि धातूही. पडवीच्या छपराखालचे युनिट सुरक्षित वाटते. पण पावसाची सर तिथे पोचत नसल्याने मीठ धुतले जात नाही. त्याला जास्त वेळा धुवावे लागते.

स्टँड साध्या लोखंडी अँगलचा नको. गरम जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा आणि दर मे महिन्यात बोल्ट तपासावेत. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, म्हणून पाइपचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवून नीट बुजवावे, नाहीतर पावसाचे पाणी भिंतीतून आत झिरपते.

आतल्या युनिटचा फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुऊन सावलीत वाळवावा. दमट हवेमुळे आतल्या युनिटमधून पाणी भरपूर निघते. ड्रेन पाइपमध्ये बुळबुळीत शेवाळ धरले किंवा कुंभारीण माशीने मातीचे घर केले की तेच पाणी खोलीत ठिबकते. पाइपला दर मीटरला किमान १ सेंटीमीटर उतार हवा आणि त्याचे टोक पाण्यात बुडलेले नसावे.

एसीच्या नळ्यांत फिरून थंडावा देणारा गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता दरवर्षी गॅस भरून घेणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. फ्लेअर नटवर, म्हणजे गॅसच्या नळ्या युनिटला जोडणाऱ्या नटवर, साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत, नायट्रोजनच्या दाबाने चाचणी घ्यावी, गळती बुजवून व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (हे निर्वात दाबाचे माप) निर्वात करावे आणि पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा. एसीत भरल्या जाणाऱ्या गॅसपैकी आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० त्याहून कितीतरी जास्त. सांधा तापवण्याआधी नळीतला गॅस पूर्ण काढलाच पाहिजे.

चाकरमान्यांची अनेक घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडून बंद असतात. अशा घरात शेवटच्या दिवशी एसी तासभर नुसत्या पंख्यावर चालवून आतली कॉइल कोरडी करावी आणि एमसीबी पाडावा. बाहेरचे युनिट प्लास्टिकने पूर्ण गुंडाळू नये. आत ओल कोंडते आणि उंदीर घर करतात. परत आल्यावर वीज देण्याआधी पेटी उघडून कुरतडलेल्या वायरी, मुंग्या आणि पाली पाहाव्यात. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार उरतो, त्यामुळे हे काम मेकॅनिककडून करून घ्यावे.