एकच कडीचा डबा घ्या आणि सामान बदलत जा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, दादर पश्चिम)

दुकानात येणारे बरेच जण, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं, त्यांचे आईबाबा, रिटायर झाल्यावर हौसेने चित्रं काढायला बसलेले काका-काकू, सगळे हेच विचारतात की घरी प्रॅक्टिसला काय काढू, आणि आम्ही सगळ्यांना सांगतो की स्वयंपाकघरातून स्टीलचा कडीचा डबा उचलून आणा. रोज नवीन वस्तू शोधत बसू नका. तोच डबा, तीच जागा, फक्त हातातलं सामान बदलायचं. प्रत्येक सामान त्या डब्यातलं वेगळंच काहीतरी बघायला लावतं, पेन्सिलीला जे दिसतं ते कोळशाला दिसत नाही.

डबा खिडकीजवळ ठेवा म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल, आणि वरची ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर दोन-दोन सावल्या पडतात आणि मुलं गोंधळतात.

पहिले काही दिवस फक्त २बी पेन्सिल आणि साधा कार्ट्रिज पेपर, म्हणजे ड्रॉइंगचा जाडसर कागद. शेडिंग नाही, फक्त आकार. इथे सगळ्यात जास्त चुकतं ते डब्याचं तोंड आणि बूड. तोंड लंबगोल काढतात पण दोन्ही टोकांना टोकदार करतात आणि बूड सरळ रेघ मारून मोकळे होतात. डबा टेबलावर असेल आणि तुम्ही वरून बघत असाल तर तोंडाचा लंबगोल चपटा दिसतो आणि बुडाचा त्याहून जास्त गोल, कारण बूड डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली असतं. पटत नसेल तर डबा हातात धरून हळूहळू डोळ्यांसमोर वर आणा, तोंड चपटं होत होत शेवटी नुसती रेघ उरते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की ग्लास, तांब्या, बादली सगळंच सुधारतं. आणि बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट आणि चिकणमाती असते, माती जास्त घातली की एच म्हणजे कडक, कमी घातली की बी म्हणजे मऊ आणि काळी. असं मिश्रण भाजून कांडी करायची पद्धत १७९५ मध्ये फ्रान्समध्ये काँते यांनी काढली, आजही साधारण तीच चालते.

मग चारकोल, म्हणजे चित्रं काढायचा कोळसा. स्टील काढताना लोक सगळीकडे हलका राखाडी रंग फासतात आणि डबा मातीचा दिसायला लागतो. नीट बघा, स्टीलवर एकदम काळा पट्टा असतो आणि त्याला चिकटूनच एकदम पांढरा, मधल्या छटा खूप कमी. म्हणून उलटं करून बघा, अख्खा कागद चारकोलने राखाडी करा आणि नीडेबल रबराने (कणकेसारखा मळता येतो तो मऊ खोडरबर) उजेड उचलून काढा. झाल्यावर फिक्सेटिव्ह (चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) मारा, हातभर लांबून आणि खिडकी उघडून.

आता आमच्या सगळ्यात आवडीचा प्रकार, आणि याला खर्च जवळजवळ नाहीच. जुन्या डब्यावर नाव घातलेलं असतं ना, मशीनने टिंब-टिंब करून, आजीचं नाव आणि खाली लग्नाची तारीख वगैरे? त्यावर पातळ कागद घट्ट धरा आणि ६बी किंवा मेणाचा खडू आडवा करून घासा. कोरलेला भाग खोल असतो म्हणून तो पांढरा राहतो आणि अक्षरं हळूहळू वर येतात, सोबत पोचे, ओरखडे, घासणीचे गोल गोल चरे सगळं उमटतं, जे एरवी नजरेला जाणवतही नाही. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये लाकडी फरशीवर असंच कागद घासून चित्रं करायला सुरुवात केली. हाच घासलेला कागद कापून कोलाजमध्ये डब्याच्या अंगाला चिकटवा, सोबत जुना पेपर आणि चॉकलेटची चांदी, खूप छान होतं.

वॉटरकलरला आलात की कळतं स्टीलला स्वतःचा रंगच नाही. शेजारी निळी बादली ठेवली की डबा निळा, तुमचा शर्ट लाल असेल तर मधे लाल पट्टी. चमक असते तिथे कागद कोराच सोडायचा, किंवा आधी पांढऱ्या मेणबत्तीने रेघ मारून ठेवा, मेणावर पाणी धरत नाही. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यात साचतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कागदाला ओल धरते, मग रंग कुठे शोषला जातो कुठे नाही आणि डाग पडतात, म्हणून पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा, भिंतीला टेकवून नको.

एकच वस्तू काढून मुलाला कंटाळा येईल असं पालक म्हणतात. थोडा येतो, खरंय. पण इटलीत बोलोन्यामध्ये चित्रकार मोरांदी (१८९०–१९६४) आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, वाट्या आणि डबे रंगवत राहिले आणि जगभरच्या म्युझियममध्ये ती चित्रं लागली आहेत.

सुरुवातीला एवढंच पुरे: २बी आणि ६बी, चारकोलच्या चार काड्या, एक नीडेबल रबर, कार्ट्रिज शीट. वॉटरकलर आणि जाड कागद नंतर घ्या, घाई नाही. जी काही चित्रं होतील ती दुकानात घेऊन या, आम्ही बघतो आणि पुढचं काय घ्यायचं ते त्यावरून सांगतो. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी आलात तर निवांत बोलता येईल. सोमवारी दुकान बंद.