मिश्र वर्धक लसीकरण : प्रौढांमधील प्रतिपिंड प्रतिसाद

कोविड-१९ विरुद्धचे प्राथमिक लसीकरण एका प्रकारच्या लशीने पूर्ण झाल्यावर वर्धक मात्रा (बूस्टर डोस) दुसऱ्या प्रकारच्या लशीची देणे, याला मिश्र वर्धक लसीकरण म्हणतात. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांनंतर कॉर्बेव्हॅक्स, हे भारतातील परिचित उदाहरण. येथे प्रकार ठरतो तो प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवते तो विषाणूचा घटक) शरीरापर्यंत नेण्याच्या पद्धतीवरून : एमआरएनए (फायझर, मॉडर्ना), ॲडिनोविषाणू वाहक (कोव्हिशील्ड, जॅन्सेन), निष्क्रिय केलेला संपूर्ण विषाणू (कोव्हॅक्सिन, कोरोनाव्हॅक) आणि प्रथिन उपघटक (कॉर्बेव्हॅक्स, कोव्होव्हॅक्स). फायझरनंतर मॉडर्ना दिल्यास लशीचे नाव बदलते, पद्धत तीच राहते. तरीही अनेक अभ्यासांत असे गट ‘मिश्र’ म्हणूनच मोजले आहेत. तक्ते वाचताना हे आधी तपासावे.

प्रतिसाद कसा घडतो : प्राथमिक मात्रांनी लसीका ग्रंथींत स्मृती बी-पेशी (प्रतिजन लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार झालेल्या असतात. वर्धक मात्रेनंतर त्या आठवडाभरात प्रतिपिंड स्रवणाऱ्या पेशींत रूपांतरित होऊ लागतात. रक्तातील आयजीजी (रक्तात सर्वाधिक आढळणारा प्रकार) प्रतिपिंडांची पातळी साधारण २ ते ४ आठवड्यांत शिखर गाठते आणि पुढील महिन्यांत उतरते. लस बदलल्याने फायदा होण्यामागे दोन कारणे विशेष महत्त्वाची आहेत. वाहक लशीच्या पहिल्या मात्रेनंतर शरीर स्पाइक प्रथिनाबरोबर (विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यासारखे प्रथिन) वाहक ॲडिनोविषाणूविरुद्धही प्रतिपिंडे बनवते. तीच लस पुन्हा दिल्यास वाहकाचा काही भाग पेशीत शिरण्याआधीच अडवला जातो. एमआरएनए किंवा प्रथिन लशीला ही अडचण येत नाही. दुसरे कारण निष्क्रिय लशींचे. त्यांत विषाणूची इतर प्रथिनेही असतात, त्यामुळे प्रतिसाद अनेक लक्ष्यांत विभागला जातो. नंतरची मात्रा केवळ स्पाइकची असली, तर तो एका ठिकाणी एकवटतो.

मोजणी : रक्ताचा नमुना मात्रा देण्यापूर्वी, त्याच दिवशी घेतात, मग १४ किंवा १५ व्या दिवशी, २८ व्या दिवशी आणि पुढे ३ व ६ महिन्यांनी. साध्या नळीतील रक्त अर्धा तास गोठू देऊन रक्तरस (सीरम) वेगळा करतात, लहान कुप्यांत भरून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात. तीच कुपी वारंवार वितळवून पुन्हा गोठवणे टाळतात. एका व्यक्तीचे सर्व वेळचे नमुने एकाच प्लेटवर तपासले, तर प्लेटगणिक येणारा फरक निकालात मिसळत नाही.

चाचण्या मुख्यतः दोन. एलायझासारखी बंधन चाचणी स्पाइकला चिकटणारी एकूण आयजीजी मोजते. प्रतिपिंडे विषाणूला रोखतात का हे पाहणाऱ्या निष्प्रभावन चाचणीत रक्तरस ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून पूरक प्रथिने (रक्तातील इतर संरक्षक प्रथिने) निकामी करतात, त्याची क्रमाने दुप्पट विरलने करतात, विषाणूबरोबर मिसळतात आणि मिश्रण व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी) टाकतात. प्लाक (विषाणूने पेशी मारल्याने पडणारे ठिपके) निम्म्यावर आणणारे विरलन हा टायटर. जिवंत विषाणू वापरायचा तर जैवसुरक्षा स्तर ३ ची प्रयोगशाळा लागते, म्हणून मोठ्या अभ्यासांत आभासी विषाणू (स्पाइक बसवलेले निरुपद्रवी विषाणूकण) वापरतात. बंधन चाचणीचे निकाल जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२० मधील प्रमाणित द्रव्याशी जोडून बीएयू (बंधन प्रतिपिंड एकक) प्रति मिलि.मध्ये देतात. ॲबटच्या स्पाइक आयजीजी संचातील आकड्याला ०.१४२ ने गुणल्यावर बीएयू मिळते, रॉशच्या संचातील आकडा जवळजवळ तसाच राहतो. हे रूपांतर न करता दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवणे ही नेहमीची चूक आहे. गटाची सरासरी भूमितीय काढतात; अंकगणितीय सरासरी काही मोजक्या अतिउच्च टायटरांकडे ओढली जाते.

प्रमुख अभ्यास : ब्रिटनमधील कोव्ह-बूस्ट चाचणीत जून २०२१ मध्ये ३० वर्षांवरील २,८७८ व्यक्तींना सात लशींपैकी एक किंवा नियंत्रण म्हणून मेंदुज्वराची लस दिली. २८ व्या दिवशी नियंत्रण गटाच्या तुलनेत स्पाइक आयजीजीचे गुणोत्तर, आधी ॲस्ट्राझेनेका (भारतात कोव्हिशील्ड) घेतलेल्यांत १.८ (व्हाल्नेव्हाच्या निष्क्रिय लशीची अर्धी मात्रा) ते ३२.३ (मॉडर्ना) होते. आधी फायझर घेतलेल्यांत १.३ ते ११.५. दोन्हीकडे टोकाच्या लशी त्याच. अमेरिकेत १० केंद्रांवरील ४५८ जणांच्या चाचणीत निष्प्रभावक टायटर समजातीय (आधीच्याच लशीच्या) मात्रेने ४ ते २० पट, तर मिश्र मात्रेने ६ ते ७३ पट वाढला. ब्राझीलमध्ये कोरोनाव्हॅकच्या दोन मात्रा घेऊन सहा महिने झालेल्या १,२४० प्रौढांत आयजीजीची वाढ कोरोनाव्हॅकनेच १२ पट, जॅन्सेनने ७७, ॲस्ट्राझेनेकाने ९० आणि फायझरने १५२ पट झाली.

या आकड्यांवरून ‘मिश्रण चांगले’ असा सरसकट निष्कर्ष काढणे योग्य नाही. तिसरी लस कोणती, हा प्रश्न आधी येतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या चाचणीत कोव्हॅक्सिननंतर कोव्हिशील्ड दिल्यावर प्रतिपिंडे कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या मात्रेपेक्षा बरीच जास्त आढळली. उलट क्रमाने, कोव्हिशील्डनंतर कोव्हॅक्सिन देऊन, तसा लाभ दिसला नाही. मिश्रण दोन्हीकडे होते, फरक क्रमाचा होता.

पटींचाही सापळा आहे. २० वरून १,००० म्हणजे ५० पट, ५०० वरून २,५०० म्हणजे अवघी ५ पट. पण अंतिम पातळी दुसऱ्याचीच अडीचपट. अमेरिकी चाचणीतील सर्वांत मोठी वाढ जॅन्सेनची एकच मात्रा आधी घेतलेल्या, म्हणजे तळाची पातळी कमी असलेल्या गटात होती. म्हणून मात्रेपूर्वीची पातळी, अंतिम टायटर आणि पट ही तिन्ही दिल्याशिवाय निकाल पूर्ण मानू नये.

भारतात २०२२ पर्यंत बहुसंख्य प्रौढांना संसर्ग होऊन गेला होता. अशांत तळ उंच असतो आणि कोणत्याही लशीची पट लहान दिसते. संसर्ग ओळखण्यासाठी न्यूक्लिओकॅप्सिड (विषाणूच्या आतील प्रथिन) प्रतिपिंडे तपासतात, पण कोव्हॅक्सिन व कोरोनाव्हॅक घेणाऱ्यांत ती लशीनेही तयार होतात. त्या गटात ही खूण निरुपयोगी ठरते, आणि हे विसरल्यास लसवंतांची गणना संसर्गितांत होते. कॉर्बेव्हॅक्समध्ये स्पाइकचा फक्त ग्राही-बंधक, म्हणजे पेशीला चिकटणारा, भाग (२५ मायक्रोग्रॅम) असतो, तेव्हा संच त्या भागाचा आहे की संपूर्ण स्पाइकचा, हेही नोंदवावे लागते.

भारतातील वापर : मिश्रणाचा सुरुवातीचा पुरावा योगायोगाने मिळाला. उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात मे २०२१ मध्ये काही जणांना कोव्हिशील्डनंतर चुकून कोव्हॅक्सिन दिले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्यांपैकी १८ जणांची तुलना दोन्ही मात्रा कोव्हिशील्डच्या आणि दोन्ही कोव्हॅक्सिनच्या घेतलेल्या प्रत्येकी ४० जणांशी केली. प्रतिसाद चांगला व सुरक्षित आढळला, मात्र ती वर्धक मात्रा नव्हती आणि गट लहान होता. १० जानेवारी २०२२ पासूनची ‘प्रिकॉशन’ मात्रा आधीच्याच लशीची असे. १० ऑगस्ट २०२२ रोजी १८ वर्षांवरील प्रौढांना, दुसऱ्या मात्रेनंतर सहा महिन्यांनी, कॉर्बेव्हॅक्सची मुभा मिळाली. पुढे नाकातून द्यायची इन्कोव्हॅक, कोव्होव्हॅक्स आणि पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक-ओएम यांनाही वर्धक म्हणून मान्यता मिळाली. इन्कोव्हॅकच्या निकालाचा अर्थ केवळ रक्तातील आयजीजीवरून लावता येत नाही. तिथे लाळेतील आयजीए (नाक-तोंडाच्या ओलसर आवरणातील प्रतिपिंड) हेही मोजावे लागते.

मर्यादा : संरक्षणाची खात्री देणारी एकच ठरलेली प्रतिपिंड पातळी नाही, त्यामुळे बूस्टर घ्यावा की नाही हे खासगी प्रयोगशाळेतील एका आकड्यावरून ठरवू नये. मूळ विषाणूविरुद्धचा उंच टायटर ओमिक्रॉनविरुद्ध बराच खाली येतो. टी-पेशींचा (संसर्गित पेशी नष्ट करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) प्रतिसाद या प्रतिपिंड चाचण्यांत दिसतच नाही, आणि गंभीर आजार टाळण्यात त्यांचा वाटा असतो. लस बदलल्यावर ताप, अंगदुखी, थकवा काहीसे अधिक आढळतात व बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतात. वाहक लशींनंतर रक्तबिंबिका घटून गुठळ्या होणे आणि एमआरएनए लशींनंतर, मुख्यतः तरुण पुरुषांत, हृदयस्नायूदाह हे दुर्मीळ धोके आहेत. ते त्या त्या लशीचे असतात, म्हणून तिसरी लस निवडताना वय, लिंग व पूर्वीची प्रतिक्रिया विचारात घेतात.