देशी वनस्पतींचे फुलपाखरू उद्यान

फुलपाखरांचे अंडी, अळी, कोष आणि प्रौढ हे चारही टप्पे एकाच जागी पार पडावेत म्हणून स्थानिक झाडे, झुडपे व वेली लावून उभी केलेली बाग. अशी बाग उघडी असते. फुलपाखरे आपणहून येतात. बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा येथे 2006 साली सुरू झालेले घुमटाखालचे उद्यान हा बंदिस्त, म्हणून वेगळा प्रकार.

नुसती फुले लावून फुलपाखरू बाग होत नाही. फुलांवर प्रौढ कीटक मध पिऊन निघून जातो. वस्ती होते ती अळीच्या खाद्यवनस्पतीमुळे. मादी ठरावीक झाडांवरच अंडी घालते. रुईवर प्लेन टायगर, बहावा व टाकळ्यावर कॉमन एमिग्रंट, ईश्वरीच्या वेलीवर क्रिम्झन रोझ. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळावर वाढतात, म्हणून आंब्यावरचे सगळे बांडगूळ छाटू नये. (हळदीकुंकू याच नावाचे शोभेचे झुडूपही आहे, ते मात्र अमेरिकेतले.) 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉर्मनला, म्हणजे राणी पाकोळीला, लिंबाच्या कुळातली झाडे लागतात.

पडीक जागेत काम सुरू होते ते गाजरगवत उपटण्यापासून. टणटणीही परकी आणि आक्रमक, पण तिच्या फुलांत मध भरपूर. त्यामुळे ती एकदम न काढता दिंड्यासारखी देशी झुडपे धरतील तसतशी टप्प्याटप्प्याने काढणे बरे. खुळखुळ्याची वाळलेली झाडे ठेवून द्यावीत. टायगर आणि क्रो गटांतले नर त्यांतून मादीला आकर्षित करण्यासाठी लागणारी द्रव्ये शोषून घेतात. क्षार मिळवायला नर ओल्या मातीवर जमतात, त्याला चिखलपान म्हणतात. त्यासाठी बागेचा एक कोपरा कायम ओला हवा. कीटकनाशक अजिबात चालत नाही.

लोकशिक्षणाचे खरे काम कढीपत्त्यापाशी होते. कुरतडलेली पाने दिसली की घरोघरी फवारणी होते, कारण ती अळी कोणाची हे ठाऊक नसते. ती असते कॉमन मॉर्मन या फुलपाखराची. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून लालसर, उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. हे एकदा पाहिलेले मूल घरच्या कुंडीतली अळी मारू देत नाही.

मुंबईत धारावीला लागून मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एके काळी तिथे शहराचा कचरा पडत असे. सुमारे 37 एकरांच्या त्या जागेवर झाडे वाढवून 1994 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आज शाळांच्या सहली तिथे फुलपाखरे पाहायला येतात. महाराष्ट्रात अशा निरीक्षणासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. उन्हे चढली की, साधारण नऊनंतर, फुलपाखरे पंख पसरून पानांवर बसलेली सापडतात.