प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना

प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना : खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी करावी लागणारी दिव्यांची निवड, मांडणी आणि वेळापत्रक. नुसते मासे असलेल्या टँकला दिवा लागतो तो बघणाऱ्यासाठी. प्रवाळांच्या टँकमध्ये तोच अन्नाचा मुख्य स्रोत असतो. टँकमध्ये ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवल राहते. ते प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेल्या शर्करेचा व इतर पदार्थांचा मोठा वाटा प्रवाळाला देते. दिवा निवडायचा तो या शैवलासाठी, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात: दिवा डोळ्यांना कसा दिसतो यावरून तो निवडला जातो.

प्रकाशाचा रंग : समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, निळा बराच खोल जातो. झूझँथेलीतील हरितद्रव्य आणि पेरिडिनीन ही रंगद्रव्येही प्रामुख्याने निळ्या व निळसर हिरव्या प्रकाशावर चालतात. म्हणून चांगल्या एलईडी दिव्यात ४४० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा रॉयल ब्लू हा कणा असतो, सोबत ४०० ते ४३० नॅनोमीटरचा जांभळा आणि गरजेपुरता पांढरा. लाल व हिरवे चॅनल (दिव्यातील एकेका रंगाचे, वेगळे कमीजास्त करता येणारे गट) रंग नैसर्गिक दिसावेत इतपतच ठेवतात. दिव्यावर छापलेला केल्विनचा आकडा (बहुधा १०,००० ते २०,०००) प्रकाश किती निळसर दिसेल एवढेच सांगतो. तोच आकडा असलेल्या दोन दिव्यांचा वर्णपट अगदी वेगळा असू शकतो.

निळ्या प्रकाशात अनेक प्रवाळ हिरवे-नारिंगी चमकतात. ही चमक त्यांच्यातील प्रतिदीप्त प्रथिनांची असते आणि फार लोभस असते, पण ती तब्येतीची खूण नव्हे. प्रवाळाचा खरा रंग आठवड्यातून एकदा पांढरे चॅनल वाढवून पाहावा. फिकटपणा त्यातच लवकर दिसतो.

तीव्रता : वॅटवरून दिवा निवडण्याची जुनी पद्धत एलईडीला लागू पडत नाही. वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो. प्रवाळापर्यंत किती प्रकाश पोचतो ते त्यावरून कळत नाही. लक्समीटरही फसवतो, कारण तो माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला जास्त वजन देतो आणि निळा प्रकाश कमी दाखवतो. उपयोगी माप म्हणजे ‘पार’: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडतात, मायक्रोमोलमध्ये. पाण्यात बुडवता येणारा, निळा प्रकाश नीट टिपणारा पारमीटर एका दिवसापुरता उसना मिळाला तरी पुरतो. वाळू, मधले खडक, वरचे खडक आणि चारही कोपरे अशी मोजणी करून कागदावर नकाशा काढून ठेवावा.

मशरूम, झोअँथिड आणि लेदर अशा मऊ प्रवाळांना ५० ते १०० पार पुरतो. हॅमर, टॉर्च, डंकन या मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे वसाहतीतला एकेक प्रवाळजीव; अशांना एलपीएस म्हणतात) प्रवाळांना ७५ ते १५०, तर मॉन्टिपोरा व अ‍ॅक्रोपोरा या लहान पॉलिपच्या (एसपीएस) प्रवाळांना साधारण २०० ते ३५० लागतो. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर सुमारे २,००० पार असतो, हे ऐकून दिवा पूर्ण ताकदीने लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. टँकसाठी मिळणारी प्रवाळे बहुधा त्याहून कितीतरी कमी प्रकाशात वाढलेली असतात.

दिव्यांचे प्रकार : मेटल हॅलाइडचा प्रकाश उत्तम असतो, पण तो पाणी तापवतो आणि वीज फार खातो, पहिल्या टँकला तो नको. टी-५ नळ्या प्रकाश सर्वत्र सारखा पसरवतात आणि खडकांच्या कडेला गडद सावल्या पडू देत नाहीत. ६० सेंटिमीटरच्या टँकवर २४ वॅटच्या चार नळ्या, प्रत्येकीला स्वतंत्र रिफ्लेक्टर, ही आजही भरवशाची जोडणी आहे. त्यांची तीव्रता हळूहळू उतरते म्हणून ९ ते १२ महिन्यांनी त्या बदलाव्या लागतात, तेही एका वेळी एक किंवा दोन. चारही एकदम बदलल्या तर प्रवाळांना अचानक उजेडाचा धक्का बसतो. एलईडी अनेक वर्षे टिकतो, त्याचा उजेड कमीजास्त करता येतो आणि वेळापत्रकही त्यातच बसवता येते. नवशिक्यासाठी आता हीच योग्य निवड आहे. त्याची उणीव म्हणजे मधोमध प्रखर झोत आणि कोपऱ्यांत अंधार. लहान जागेत लेन्स लावून एकवटलेल्या एलईडीत हे जास्त जाणवते. रुंद पट्टीत किंवा विसरक काच असलेल्या दिव्यात कमी.

६० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे १२० लिटरच्या टँकवर मऊ प्रवाळ आणि एलपीएस ठेवायचे असतील तर ६० ते १०० वॅटचा, ६० × ६० सेंटिमीटरपर्यंत प्रकाश पसरवणारा एक एलईडी पुरतो. तो पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंच टांगावा. उंची वाढवली की मधला झोत सौम्य होतो आणि कोपरे तुलनेने उजळतात, त्यामुळे टोकाच्या पायांवर बसवलेल्या दिव्यापेक्षा दोरीने वरखाली करता येणारा दिवा बरा. निळे व पांढरे चॅनल वेगवेगळे कमी करता येत नसतील तर तो दिवा घेऊ नये. टँक ९० सेंटिमीटर लांब असेल तर एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे लावावेत.

सुरुवात : टँकचे नायट्रोजन चक्र (विषारी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंची वाढ) बसेपर्यंत दिवा बंदच ठेवावा. त्या काळात प्रवाळ नसतात, प्रकाशाचा फायदा होतो तो फक्त तपकिरी डायटमांना आणि केसाळ शेवाळाला. पहिले प्रवाळ आल्यावर दिवा ३० ते ४० टक्क्यांवर लावावा आणि दर आठवड्याला साधारण ५ टक्क्यांनी वाढवत अपेक्षित पारपर्यंत न्यावा. एकूण १० तास पुष्कळ झाले: दोन तास चढता, सहा तास पूर्ण, दोन तास उतरता. तीव्रता आणि तास एकाच आठवड्यात वाढवू नयेत, नाहीतर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. नवे प्रवाळ आधी वाळूवर, सावलीच्या कडेला एक-दोन आठवडे ठेवून मगच खडकावर चढवावे.

प्रकाश वाढला की कठीण प्रवाळ सांगाडा जलद बांधतात आणि पाण्यातील अल्कलिनिटी (सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप) जास्त खर्च होते. त्या आठवड्यांत ती दोनदा तपासावी. नायट्रेट व फॉस्फेट ही पोषकद्रव्ये शून्यावर असताना प्रखर दिवा लावणे सर्वांत घातक. उपाशी प्रवाळाला तो झेपत नाही.

काय बिघडते : प्रकाश जास्त झाला की शैवलात घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात, प्रवाळ ते शैवल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. पण पांढरे पडलेले सगळेच प्रवाळ मेलेले नसते. भिंगातून पाहावे: पांढऱ्या सांगाड्यावर पारदर्शक ऊती आणि रात्री उघडणारे पॉलिप दिसले तर ते जिवंत आहे. खरबरीत कड उघडी पडली असेल तर तिथली ऊती गेलेली असते. जिवंत प्रवाळासाठी तीव्रता एक तृतीयांशाने कमी करावी, बारीक खाद्य द्यावे आणि जागा रोज बदलू नये. मशरूमचे आक्रसणे हीही जास्त प्रकाशाचीच खूण. उलट प्रकाश कमी पडला की झोअँथिडचे देठ लांबट होऊन दिव्याकडे ताणले जातात आणि रंगीत प्रवाळ शैवल वाढल्याने तपकिरी होते. हे बदल दिसायला काही आठवडे लागतात. आज दिवा वाढवून उद्या परिणाम शोधणाऱ्याच्या हातून मात्र प्रवाळ हमखास जातात.

पार अचानक घसरला तर आधी दिव्याची काच पाहावी. फुटणाऱ्या बुडबुड्यांचे शिंतोडे वाळून तिथे मिठाचा पांढरट थर चढतो. दिवा बंद करून, तो निवल्यावर गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने दर आठवड्याला तो पुसावा. हेच मीठ प्लगमध्ये शिरले तर शॉर्टसर्किट होते. सॉकेट टँकच्या थेट खाली नसावे, प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा म्हणजे ओघळ तिथूनच गळून जातो, आणि सगळी जोडणी ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावी. दिवा टांगलेले हुक भिंतीत किंवा छतात भक्कम आहेत ना, हे टँकमध्ये पाणी भरण्याआधीच दिव्याच्या दुप्पट वजन लटकवून तपासावे.