विश्वास ही अट आहे की किंमत?

"विश्वास ठेव, देव नक्की देईल." पुण्यात कुठल्याही ख्रिस्ती घरी प्रार्थना-सभेला बसा, हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. वाक्य चुकीचं नाही. गोंधळ असा की बोलणाऱ्याच्या मनात असते अट आणि ऐकणारा समजतो किंमत, म्हणजे मी एवढा विश्वास मोजला की देवाने तेवढ्याचं सामान द्यायचं. दोन्हीकडे "हे नसेल तर ते नाही" असंच असतं म्हणून फरक पटकन लक्षात येत नाही.

समजा अमेरिकेतल्या भावाने तुम्हाला पार्सल पाठवलंय, पैसे सगळे त्यानेच भरलेत, आणि डिलिव्हरीवाला दारात उभा राहून ओटीपी मागतोय. ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल हातात पडणार नाही, म्हणजे अट आहेच, पण म्हणून पार्सलचे पैसे तुम्ही भरलेत असं कुणी म्हणेल का? बायबलच्या नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित पौल विश्वासाबद्दल साधारण हेच सांगतो. इफिसकरांस २:८-९ मध्ये तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणाला बढाई मारायला जागा नको. आणि रोमकरांस ४:१६ मध्ये तर तो म्हणतो की वचन विश्वासावर ठेवलं तेच मुळी ते कृपेचं राहावं म्हणून.

आता सगळी वचनं एकाच साच्यातली नाहीत हेही बघायला पाहिजे. नोहाला दिलेलं वचन (पुन्हा जलप्रलय आणणार नाही, उत्पत्ती ९) सगळ्या प्राण्यांनाही आहे, त्यात गाईम्हशी आल्या, कावळेचिमण्या आल्या, त्यांना विश्वास आहे का असं कुणी विचारलेलं नाही. मोशेच्या काळात देवाने सीनाय डोंगरावर इस्राएल लोकांशी केलेला करार बरोब्बर उलटा, निर्गम १९:५ "जर" नेच सुरू होतो आणि अनुवाद या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात आशीर्वाद आणि शापांची लांबलचक यादीच आहे.

खरी गंमत उत्पत्ती १५ मध्ये आहे, जिथे देव अब्रामला संतती आणि देश द्यायचं वचन देतो. अब्राम (तेव्हा अजून अब्राहाम झाला नव्हता) तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी आणि तीन वर्षांचा मेंढा आणतो, मधोमध चिरून अर्धे अर्धे समोरासमोर मांडतो, आणि प्रेतांवर उतरणारे शिकारी पक्षी हाकलत बसतो. असे करार तेव्हा व्हायचे, करार करणारा त्या तुकड्यांमधून चालत जायचा, अर्थ असा की शब्द मोडला तर माझी पण हीच गत होवो. पण सूर्य मावळताना अब्रामला गाढ झोप लागते आणि अंधारात तुकड्यांमधून जातं काय तर धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे एकटा देवच. अब्राम चालतच नाही! त्याने विश्वास ठेवला होता, उत्पत्ती १५:६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, पण कराराचा भार त्या विश्वासावर टाकलेला नाही. म्हणूनच पौल गलतीकरांस ३:१७ मध्ये म्हणतो की ४३० वर्षांनी आलेलं नियमशास्त्र (तेच सीनायचं) अब्राहामाला दिलेलं वचन रद्द करू शकत नाही.

शुभवर्तमानातही एकच फॉर्म्युला सापडत नाही. रक्तस्रावी बाईला येशू म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलंय. नाईनच्या विधवेला काहीच विचारत नाही, तिचा मेलेला मुलगा उठवतो. योहान ५ मधला ३८ वर्षं आजारी असलेला माणूस तर बरा झाला तरी त्याला माहीत नाही की बरं केलं कुणी. आणि मार्क ९ मधला बाप ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, आणि तेवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचं पोर बरं होतं. हे सगळं समोर असताना आजारी माणसाला "तुझा विश्वास कमी पडला" असं सांगणं मला तरी क्रूरपणा वाटतो, त्यात अट कधीच गायब झालेली असते आणि उरते ती नुसती किंमत, वर सुट्टे नाहीत म्हणून ओरडा. नासरेथचं उदाहरण (मार्क ६, येशूला स्वतःच्या गावात फारसे चमत्कार करता आले नाहीत) नेहमी पुढे केलं जातं, पण तिथे लोकांनी येशूलाच नाकारलं होतं, कुणाच्या विश्वासाचं माप दोन ग्रॅम कमी भरलं असं काही नव्हतं.

मग अट आहे म्हटलं तर ती पुरी कोण करतं? यावर नेदरलँड्समध्ये मोठा वाद झाला. १६१० मध्ये आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या अनुयायांनी आपलं म्हणणं मांडलं, १६१८-१९ ला डॉर्ट शहरात भरलेल्या, कॅल्विनच्या शिकवणीच्या चर्चसभेने ते फेटाळलं. आर्मिनियन मंडळी म्हणतात कृपा आधी येऊन मदत करते, पण हो की नाही हे माणसाने म्हणायचं. कॅल्विनवादी म्हणतात ओटीपीसुद्धा पार्सल पाठवणाऱ्यानेच पाठवलाय ना! पण विश्वास म्हणजे किंमत नाही यावर दोघांचं एकमत. कॅथलिक आणि लुथरन यांच्यात याच विषयावर १६ व्या शतकापासून वाद होता, तरी ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये दोघांनी सही केली की देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेनेच, ख्रिस्तावरच्या विश्वासात, आपल्या पुण्याईमुळे नाही. नगर रोडच्या कॅथलिक पेपल सेमिनरीत विचारा नाहीतर बिबवेवाडीच्या प्रोटेस्टंट युनियन बिब्लिकल सेमिनरीत, एवढ्यापुरतं तरी उत्तर फार वेगळं मिळू नये.

वेगळं उत्तर मिळतं ते तान्ह्या बाळाच्या बाबतीत. कॅथलिक आणि बहुतेक सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बाळाला बाप्तिस्मा देतात, विश्वास आईबाप आणि धर्ममातापिता कबूल करतात, बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल थांबतात आणि पोराने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की मगच पाण्यात बुडवतात. अट दोघांनाही मान्य, फक्त ती कुणी आणि कधी पुरी करायची यावर वाद, आणि सासर एका चर्चचं आणि माहेर दुसऱ्या चर्चचं असेल तर हा विषय बारशाच्या आधीच निघतो.