मर्यादित हल्ला आणि रडारसमोरचा माणूस

नाशिककरांना लढाऊ विमानांचं अप्रूप नाही. ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला, पुढे सुखोई-३० तिथंच तयार झाली. त्यामुळे पाकिस्तानातल्या बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यासारखी बातमी आली की विमान कुठलं, बॉम्ब कुठला, यावर इथं हिरिरीनं बोललं जातं. पण अशा हल्ल्यात काय सोडून दिलं, हेही तितकंच बोलकं असतं. २६ फेब्रुवारी २०१९ ला परराष्ट्र सचिवांनी बालाकोटच्या कारवाईला ‘बिगर-लष्करी’ म्हटलं. पाकिस्तानी सैन्य आमचं लक्ष्य नव्हतं, हा त्यातला निरोप.

अर्थशास्त्राचं नोबेल (२००५) मिळालेले थॉमस शेलिंग यांनी अशा मर्यादित हल्ल्यामागचं तर्कशास्त्र मांडलं. नुसत्या धमकीला काही खर्च येत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसत नाही. धोका पत्करून केलेली कृती मात्र खरी वाटते. ती आटोक्यात राहावी म्हणून सोबत शब्दही पाठवावे लागतात. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर आपल्या डीजीएमओंनी (लष्करी कारवायांचे महासंचालक) पाकिस्तानी डीजीएमओंना कळवलं आणि कारवाई पुढे चालू ठेवण्याचा बेत नसल्याचं जाहीर केलं. २०१७ मध्ये सीरियाच्या शायरात हवाई तळावर ५९ टॉमाहॉक क्षेपणास्त्रं डागण्यापूर्वी अमेरिकेनं रशियाला सावध केलं होतं.

इथवरचं गणित राजधानीत बसून मांडता येतं. मला काळजी वाटते ती त्याखालच्या पायरीची.

८ जानेवारी २०२० ला इराणनं इराकमधल्या अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं सोडली. इराकला आधी कळवलं होतं. शंभराहून अधिक सैनिकांच्या मेंदूला इजा झाली, पण कोणी दगावलं नाही आणि अमेरिकेनं प्रतिहल्ला टाळला. निरोप पोहोचला होता. काही तासांतच तेहरानजवळ इराणच्याच हवाई संरक्षण दलानं युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. १७६ जण गेले. इराणच्या चौकशीनुसार क्षेपणास्त्र यंत्रणेची जागा बदलल्यावर तिची उत्तर दिशा पुन्हा जुळवलेली नव्हती. दिशेत शंभर अंशांहून मोठी चूक राहिली आणि विमानतळावरून निघालेलं विमान भलत्याच बाजूनं येतंय असं दिसलं. वरिष्ठांशी संपर्क झाला नाही, तरी क्षेपणास्त्र सुटलं.

संभाव्यताशास्त्रात बेझचा नियम आहे: निष्कर्ष समोरच्या पुराव्यावर ठरतो, तसाच आपण आधीपासून काय धरून चाललो आहोत त्यावरही. एरवी पडद्यावरचा तो ठिपका प्रवासी विमानच वाटला असता. प्रतिहल्ल्याची वाट पाहणाऱ्या माणसाला तो क्रूझ क्षेपणास्त्र वाटला. हल्ला मर्यादित असल्याचं वरच्यांना ठाऊक असतं. रडारसमोरच्या माणसाला फक्त धोका ठाऊक असतो.

आपल्याकडेही हे घडलं आहे. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी विमानं चालून आली असताना बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. ही आपली मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये मान्य केलं. त्या सहांपैकी एक स्क्वाड्रन लीडर नाशिकचा होता. १ मार्चला, पाकिस्तानच्या ताब्यात सापडलेले वैमानिक अभिनंदन वर्धमान वाघा सीमेवरून परतले त्याच दिवशी, त्याच्यावर इथं अंत्यसंस्कार झाले.

म्हणून ‘हल्ला मर्यादित होता का’ हे तपासताना लक्ष्यांच्या यादीसोबत आणखी दोन गोष्टी पाहायला हव्यात. आपलं विमान आपल्याच रडारला ओळखू येत होतं का? आणि नागरी आकाश वेळेत रिकामं केलं होतं का? इराणनं त्या रात्री ते खुलं ठेवलं होतं. मे २०२५ च्या संघर्षात भारतानं उत्तर आणि पश्चिमेकडचे ३२ विमानतळ नागरी उड्डाणांसाठी बंद केले. हजारोंचे प्रवास अडले. ती गैरसोय मला योग्यच वाटते.